बाणच कडक निघाले

२ जानेवारी

नवी वही. ही कुणासाठीही नाही, फक्त माझ्यासाठी. त्यामुळे इथे विनय बाजूला ठेवायला हरकत नाही. माझा नेम चांगला आहे. बाण चुकतात, ही गोष्ट वेगळी.

संकल्प एक. मार्चच्या क्लब स्पर्धेत लाँगबो, म्हणजे जुन्या पद्धतीच्या लांब धनुष्याच्या, गटात पहिला नंबर. गेल्या वर्षी दुसरा आलो. स्पर्धक दोनच होते, पण तो तपशील झाला. पहिला आला तो कर्नल. कर्नल सैन्यात कधीच नव्हता, पोस्टात होता. मिशांमुळे नाव पडलं. वय सत्तरच्या पुढे. बाण लाकडाचे, घरी तासलेले. दैव एकेकाचं.

संकल्प दोन. लाकडी बाण बंद. यंदा कार्बनचे. आपल्या हाताने जुळवलेले, वजन केलेले, एकासारखा एक. लाकूड फुगतं, वाकतं, रुसतं. कार्बन रुसत नाही.

संकल्प तीन. हिच्याशी वाद घालायचा नाही.

३ जानेवारी

संकल्प तीन पुढच्या सोमवारपासून.

६ जानेवारी, संध्याकाळ

शाफ्ट, म्हणजे बाणांच्या नुसत्या कांड्या, आले. डझनभर. काळे, गुळगुळीत, हातात धरले की माणसाला आपोआप छाती काढून उभं राहावंसं वाटतं. हिने विचारलं, पडद्यांचे दांडे का?  ही हॉस्पिटलात नर्स आहे. दिवसभर आजारी माणसं बघून नजर तशीच होते.

धाकटा मेहुणा बघायला आला. त्याच्याकडे ते कप्प्यांचं धनुष्य आहे, चाकं, तारा, दुर्बीण, पाण्याचा बुडबुडा. भिंतीला टांगलं की सायकल दुरुस्तीचं दुकान वाटतं. म्हणाला, भावजी, स्पाइन किती घेतलात? मी म्हणालो, पुरेसा. तो गेल्यावर स्पाइन म्हणजे काय ते वाचून काढलं.

स्पाइन म्हणजे बाणाचा ताठपणा. लाँगबोच्या दांड्याला मधे खाच नसते, तो सरळसोट. बाणाला त्याला वळसा घालून निघावं लागतं. म्हणून सुटताना बाण माशासारखा लचकतो. लचकला नाही तर दांड्याला ठेचकाळून डावीकडे जातो, फार लचकला तर उजवीकडे. उपाय सोपा. टोकाला वजन वाढवलं की कडक बाणही लचकायला लागतो. माणसांचंही असं काही असतं तर किती बरं झालं असतं. मेहुण्याच्या टोकाला काय बांधावं लागेल याचा विचार करत जेवलो.

९ जानेवारी

पहिली चाचणी. पिसं न लावता नुसता शाफ्ट मारायचा, अशी पद्धत आहे. पिसं बाणाच्या चुका सावरून घेतात, उघडा शाफ्ट खरं बोलतो, असं कोचबाईंचं म्हणणं. कोचबाई आमच्या मुलीच्या वयाच्या आहेत. गळ्यात शिट्टी. मला काका म्हणतात. मी कुणाचाही काका म्हणून क्लबात नाव घातलेलं नाही.

शाफ्ट डावीकडे गेला. लक्ष्याच्या बाहेर, मागच्या जाळीत. कोचबाई म्हणाल्या, काका, एकतर बाण कडक आहेत, नाहीतर तुमच्याकडून दोरी पुरती खेचली जात नाहीये. यातला पहिला भाग टिपून घेतला.

माझं धनुष्य पन्नास पौंडी आहे, म्हणजे दोरी पुरती खेचायला पन्नास पौंडांचा जोर लागतो. बारा वर्षं तेच. क्लबात लाँगबोवाला पन्नास पौंड ओढणारा दुसरा कुणी नाही. मी पुरतं खेचत नाही म्हणजे काय? मी काय काल आलोय?

१३ जानेवारी

टोकाच्या आत पितळी इन्सर्ट, म्हणजे वजनाचे छोटे तुकडे, बसवले. चिकटवायचं काम दुकानात केलं. माझं दुकान फोटो फ्रेमिंगचं. आमच्याकडून आजवर वाकडी चौकट बाहेर गेलेली नाही. ज्याला काटकोन कळतो त्याला सरळ रेषा कळते, आणि तिरंदाजी म्हणजे शेवटी सरळ रेषाच. कोचबाई म्हणतात बाण सरळ जात नाही, कमानीत जातो. तरुण आहेत, शिकतील.

दुपारी मैदानावर गेलो. उघडा शाफ्ट आणि पिसांचा बाण जवळजवळ शेजारी शेजारी! मेहुण्याला हाक मारून दाखवलं. तो म्हणाला, वा भावजी. आवाजात मत्सर होता.

घरी आलो तर हिने चहासाखरेचे डबे वरच्या फळीवरून खालच्या कप्प्यात आणलेले. संसार सुरू झाल्यापासून ते डबे वर आहेत. कारण विचारलं. म्हणाली, सहज. सहज! घर म्हणजे काय प्रयोगशाळा आहे?

२१ जानेवारी

बाण पुन्हा डावीकडे.

तेच बाण. तेच धनुष्य. तोच मी. बदललं काय? थंडी! थंडीने कार्बन ताठतो. मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला की थंडीचा कार्बनवर काही परिणाम होत नाही, त्याचे बाण ठीक जातायत. मी म्हणालो, तुझं यंत्र आहे, माझं वाद्य आहे. वाद्य हवेप्रमाणे उतरतं. त्यावर तो आपले बाण काढायला गेला. बोलण्यासारखं काही उरलंच नव्हतं.

जास्त जड टोकं मागवली.

२४ जानेवारी

स्वेटर हा कपडाच चुकीचा आहे. डोक्यातून घालायचा, डोक्यातून काढायचा, मधल्या वेळात माणूस आंधळा. आज त्यात अडकलो. ही कामावरून आली तेव्हा मी दिवाणखान्यात एक हात वर, एक हात आत, अशा अवस्थेत होतो. व्यायाम करतोय म्हणून सांगितलं. तिने बाही धरून सोडवलं.

२६ जानेवारी

हिने माझ्यासाठी पुढून चेन असलेलं जाकीट आणलं. मी मागितलं नव्हतं. या वयात हिला माझ्या फॅशनची काळजी कुठून लागली कळत नाही. घातलं. बरं आहे.

१ फेब्रुवारी

जड टोकं लावली. सोनारकामाचा छोटा काटा आणून एकेक बाण तोलला. सगळे सारखे. पहिल्या दोन फेऱ्या उत्तम. तिसऱ्या फेरीपासून डावीकडे. शिवाय खाली.

खाली का, ते उघड आहे, टोक जड झालंय. डावीकडे का, तेही उघड आहे, टोक अजून पुरेसं जड झालेलं नाही. विज्ञान म्हणतात ते हेच.

कोचबाई म्हणाल्या की पहिल्या दोन फेऱ्या चांगल्या आणि तिसरी वाईट असेल तर बाण थकत नाहीत, काका. मी म्हणालो, तुम्हाला कार्बनचा अनुभव किती? त्यांनी राज्य पातळीवर पदक मिळवलंय म्हणे. तेव्हा हवामान वेगळं असेल.

५ फेब्रुवारी

मासेमारीच्या दुकानातून गळाला लावायचे शिशाचे मणी आणले. शाफ्टच्या पोटात पुढच्या बाजूला ओतले. वजन झकास. पण बाण वाजायला लागले. मेहुणा म्हणाला, भावजी, खुळखुळे झालेत. मैदानावर सगळे हसले. कर्नलसुद्धा. कर्नलच्या मिशा हसताना कानापर्यंत जातात, फार वाईट दिसतं.

हसा. ज्यांनी इतिहास घडवला ते सगळे आधी वाजलेच होते.

६ फेब्रुवारी

मणी जागेवर घट्ट राहावेत म्हणून मधे काहीतरी बारीक ठासायला हवं. मीठ घेणार होतो. मिठाची बरणीही हिने कुठेतरी हलवली आहे. वरच्या फळीवर आता काहीच नाही, नुसती फळी. साखर सापडली, ती ओतली. आवाज बंद. बुद्धी असली की मार्ग निघतो.

८ फेब्रुवारी

मुंग्या.

९ फेब्रुवारी

भात्यातून निघून मुंग्या थेट कपाटात पोहोचल्या, हिच्या कामाच्या पांढऱ्या कपड्यांपर्यंत. शाफ्ट गरम पाण्याने धुतले. आतून पाक निघाला. ही मोरीच्या दारात उभी राहून बघत होती. रागावेल वाटलं. तिने फक्त विचारलं की हे सगळं बाण सरळ जावेत म्हणून ना? मी म्हणालो, अर्थात. ती म्हणाली, आणि ते डावीकडे जातात कारण ते कडक आहेत. मी म्हणालो, अगदी बरोबर, शिकलीस की! ती म्हणाली, आणि नोव्हेंबरात ते कडक नव्हते?

नोव्हेंबरात लाकडाचे होते, असं मी सांगितलं. नोव्हेंबरातही डावीकडे जायला लागले होते, हे सांगितलं नाही. विचारलेलं नव्हतं.

१४ फेब्रुवारी

काचेचा नवा माल आला. हल्ली काच जड येते. पूर्वी मोठा ताव मी एकटा वरच्या रॅकमधून उतरवायचो. आज उतरवताना निसटला. दुकानभर चुरा. कुणाला लागलं नाही. शाळेच्या मुख्याध्यापिका आपला ग्रुप फोटो न्यायला आल्या होत्या, त्या किंचाळल्या, पण ते शिक्षकी सवयीने. काच पुरवणाऱ्याला फोन करून जाडी तपासायला सांगितली. तो म्हणाला, जाडी तीच आहे जी पंधरा वर्षं आहे. सगळेच असं म्हणतात.

हाताला किंचित हिसका बसला. काही नाही. तेल लावलं. डाव्या हाताने लावलं, कारण उजव्या खांद्याला उजव्या हाताने तेल लावता येत नाही. हे शरीराच्या रचनेतच आहे.

१७ फेब्रुवारी

कोचबाईंनी आज कपडे वाळत घालायचा चिमटा आणला. म्हणाल्या, काका, हा बाणावर लावू. तुम्ही दोरी खेचा. दांड्याला लागून चिमटा जिथे सरकेल तिथपर्यंत तुम्ही खेचलंत, असा हिशोब. दोन मिनिटांचं काम.

ठाम नकार दिला. तत्त्वाचा प्रश्न आहे. उद्या माझ्या श्वासावर चिमटा लावतील.

मेहुणा मधे पडला. म्हणाला, भावजी, बघायला काय हरकत आहे? मी म्हणालो, तुझ्या धनुष्यात चाकं आहेत, खेचल्यावर निम्मं वजन चाकंच उचलतात. तू खेचण्याबद्दल बोलू नकोस.  नंतर पार्किंगमध्ये माझी बॅग गाडीत त्यानेच ठेवली. मी अडवलं नाही. अपराधी वाटत असेल बिचाऱ्याला.

१८ फेब्रुवारी

ही ड्युटीवर असताना दिवाणखान्यात चिमट्याचा प्रयोग केला. निव्वळ कुतूहल. आरशासमोर उभा राहिलो, खेचलं, अगदी हनुवटीपर्यंत. निदान आरशात तसं वाटलं.

निष्कर्ष धक्कादायक. बाण दांड्याच्या पुढे चांगला चार बोटं जास्त राहतोय! विकत घेताना माझ्या मापाचे होते. म्हणजे बाण लांब आहेत. दुकानदाराने मोजताना चूक केली. सगळ्या दुखण्याचं मूळ सापडलं.

कापणार.

१९ फेब्रुवारी

कापले. सगळे नाही, आधी चारच. मी अविचारी नाही. फ्रेमच्या करवतीवर, तोंडाला फडकं बांधून, कारण कार्बनची भुकटी छातीत जाऊ नये. छातीत गेली नाही. मुख्याध्यापिकांच्या त्या दिवशी न नेलेल्या ग्रुप फोटोच्या पांढऱ्या माउंटवर, म्हणजे भोवतीच्या पुठ्ठ्यावर, गेली. आता सगळा शिक्षकवर्ग पावसात उभा असल्यासारखा दिसतो.

२० फेब्रुवारी

आज दहा गुण. पहिल्याच बाणाला. पिवळ्याच्या मधोमध.

२० फेब्रुवारी, नंतर

पूर्ण नोंद असावी म्हणून लिहितो. लक्ष्य शेजारचं होतं. डाव्या बाजूचं. कर्नलचं. कर्नल तेव्हा बाण काढून परत येत होता. लागलं नाही. पण कोचबाईंनी शिट्टी एवढ्या जोरात वाजवली की रस्त्यावरची वाहनं थांबली.

मग सगळ्यांसमोर सांगितलं की आखूड केला की बाण आणखी कडक होतो, काका. लांब काठी सहज वाकते, तुकडा वाकत नाही. हे त्यांनी आधी सांगायला हवं होतं. मी विचारायला हवं होतं असं त्या म्हणाल्या. जबाबदारी टाळण्याची ही हल्लीची पद्धत.

मला आठवडाभर मैदानबंदी. कर्नलने मधे पडून ती तीन दिवसांवर आणली. मला त्याचे उपकार नको होते.

२७ फेब्रुवारी

उरलेल्या आठ लांब बाणांना सगळ्यात जड टोकं आणि शिसं, दोन्ही. साखरेऐवजी कापूस. आता बाण हातात घेतला की पुढून वाकून जमिनीला नमस्कार करतो. उघडा शाफ्ट सरळ गेला! एकदम सरळ! अर्ध्या वाटेवर पडला, पण सरळ पडला.

कडकपणा हरला. मी हटलो नाही, बाण हटले. आता फक्त नेम बराच वर धरायचा. झाडाच्या शेंड्यावर धरला की लक्ष्याच्या खालच्या कडेला लागतो. लक्षात ठेवायला सोपं.

४ मार्च

स्पर्धेची यादी लागली. लाँगबो गटात यंदा तीन नावं. कर्नल, मी आणि मेहुणा! तीन स्पर्धक नसले तर गटच रद्द होतो, असा नवा नियम आहे, म्हणून क्लबचं जुनं शिकाऊ लाँगबो घेऊन त्याने नाव दिलं म्हणे. म्हणाला, भावजी, तुमचा गट बुडू नये म्हणून. गोड बोलणं झालं. चाकांशिवाय त्याची काय गत होते ते बघूच.

६ मार्च

आज हिने खिंडीत गाठलं. ड्युटीवरून आली, पर्स ठेवली, माझ्या शेजारी बसली आणि माझा उजवा हात मनगटाशी धरून वर उचलायला लागली. खांद्याच्या रेषेपर्यंत आला. पुढे आला नाही. मी म्हणालो, तू चुकीच्या दिशेने उचलतेयस. तिने दुसऱ्या दिशेने उचलला. तिथेही तेच.

मग ती बोलली. दिवाळखोराला बँक समजावते तशी नाही, साधं बोलली. म्हणाली, डिसेंबरपासून तुम्ही डाव्या हाताने केस विंचरताय. चहाचा डबा काढताना स्टूल घ्यायला लागलात. म्हणून मी डबे खाली आणले. रोज वाटायचं आज बोलतील, उद्या बोलतील. अहो, खांद्यातलं काहीतरी फाटलंय. मी रोज बघते असे हात. धनुष्य तुम्हाला ओढवत नाहीये म्हणून बाण वाकडे जातात.

मी म्हणालो, डब्यांचा आणि बाणांचा काही संबंध नाही.

ती म्हणाली, बरं. आणि उठून गॅस बारीक केला.

नंतर जेवताना म्हणाली, स्पर्धेला जाऊ नका. मी म्हणालो, जाणार. म्हणाली, मग डॉक्टरांकडे चला. मी म्हणालो, स्पर्धा झाल्यावर. शब्द दिला. तेवढा दिलदार मी आहे. त्यावर तिने जे सांगितलं ते अपेक्षित नव्हतं. म्हणाली, मग मीही येते बघायला.

बारा वर्षांत ही एकदाही मैदानावर आलेली नाही. तिला काठ्या मारण्याचा खेळ वाटतो. आता येतेय. म्हणजे कुठेतरी तिलाही वाटतंय की यंदा काहीतरी घडणार.

७ मार्च

डाव्या हाताने विंचरतो हे खरं आहे. भांग त्या बाजूचा आहे. पूर्वीपासून. बहुतेक.

१२ मार्च, सकाळ

स्पर्धा आज. भाता भरला. आठही बाण तोलले, सारखे. जाकीट घातलं. ही मोठी पिशवी घेऊन निघाली. काय आहे विचारलं तर म्हणाली, पाणी आणि बिस्किटं.

१३ मार्च

मेहुण्याच्या हातून लिहून घेतोय. मी सांगतो तसंच लिही. स्वतःचं काही घालू नकोस.

पहिली फेरी. झाडाच्या शेंड्यावर नेम. पाच बाण लक्ष्यात, एक पिवळ्यात. आपल्या लक्ष्याच्या पिवळ्यात. टाळ्या पडल्या. मागे वळून बघितलं तर ही टाळ्या वाजवत नव्हती, माझ्या खांद्याकडे बघत होती. कर्नल माझ्या मागे दोन गुण. मी हिशोब करायला लागलो होतो की चषक दुकानात ठेवावा की घरी.

दुसरी फेरी. तीन लक्ष्यात. तीन गवतात, लक्ष्याच्या अलीकडे. समोरून वारा सुटला होता. (मेहुणा म्हणतो वारा नव्हताच. लिहू नकोस ते. लिहिलं? खोड.)

कोचबाई जवळ आल्या. हळू म्हणाल्या, काका, थांबू या का? पुरे झालं तरी चालेल. मी म्हणालो, तुम्ही शिट्टी वाजवा.

तिसरी फेरी. पहिला बाण लावला, दोरी खेचली. अर्ध्यात आली आणि खांद्यात कुणीतरी कापड फाडल्यासारखं झालं. दोरी पुढे सोडता येईना, मागे खेचता येईना. हात कुणा दुसऱ्याचाच झाला. समोर लक्ष्य, मागे माणसं.  मी मनात म्हटलं, सोडणार नाही. धनुष्य म्हणालं, मी सोडतो.

बाण पायाशी पडला. टोक जड असल्यामुळे सरळ रुतला. माझ्या बुटात. दोन बोटांच्या मधे. कातडीला ओरखडासुद्धा नाही. सांगायचं एवढंच की तो बाण डावीकडे अजिबात गेला नाही.

मी तसाच उभा. रेषा ओलांडून मैदानात कुणी यायचं नसतं, कडक नियम आहे. ही सरळ चालत आली. कोचबाईंनी शिट्टी तोंडाला लावली आणि काढली. हिने आधी माझ्या डाव्या हातातून धनुष्य घेतलं, मेहुण्याकडे दिलं. मग माझ्या कोपराखाली हात घालून दंड पोटाशी आणला, आणि पिशवी उघडली. पाणी नव्हतं. बिस्किटं नव्हती. गळ्यात अडकवायची हाताची झोळी होती, घडी करून ठेवलेली.

मी म्हणालो, तुला माहीत होतं. ती म्हणाली, हलू नका.

निकाल. कर्नल पहिला, मेहुणा दुसरा, मी तिसरा. तीन नंबरांना पदक असतं. गेल्या वर्षी स्पर्धक दोनच म्हणून दुसऱ्याला पदक नव्हतं, यंदा माझ्याकडे आहे. प्रगती नाही तर काय म्हणायचं याला?

मेहुणा लिहिताना नाक पुसतोय. सर्दी असेल.

१९ मार्च

डाव्या हाताने. अक्षर वाईट. डॉक्टर म्हणाले स्नायूची दोरी खांद्याच्या हाडावरून सुटलीये, आधी थोडी, आता पूर्ण. शिवावी लागेल. मग विचारलं, किती दिवस दुखत होतं? मी म्हणालो, दुखत नव्हतं. ही म्हणाली, ऑक्टोबरपासून. डॉक्टरांनी तिचं लिहून घेतलं. पेशंट कोण आहे?

विचारलं, पन्नास पौंड पुन्हा कधी? डॉक्टर म्हणाले, आधी टॉवेल पिळू या.

२ एप्रिल

खांदा शिवला. भूल उतरताना मी नर्सला बाणाचं वजन विचारत होतो म्हणे. नर्स म्हणजे हीच होती.

६ एप्रिल

कर्नल भेटायला आला. फळं आणली. बोलता बोलता सहज म्हणाला की त्याचाही खांदा दहा वर्षांपूर्वी गेला होता. त्यानंतर तीस पौंडी धनुष्य घेतलं.

तीस!

दोन वर्षं हा माणूस मला तीस पौंडांत हरवत होता! शिकाऊ पोरांचं धनुष्य! मी संतापाने उठून बसणार होतो पण झोळी. म्हणाला, लोकांना कळत नाही हो, दुरून सगळी धनुष्यं सारखीच दिसतात. वर म्हणाला, बरे झालात की माझं एकदा मारून बघा, तुमचे ते जड टोकाचे बाण त्याच्यावर छान जातील बहुतेक.

नम्रपणे नकार दिला. मिशा आहेत म्हणून माणसाने काहीही बोलू नये.

फळं गोड होती.

१० मे

फिजिओ सुरू. तिथल्या बाईंनी रबराच्या पट्ट्या दाखवल्या. काळी सगळ्यात कडक, मग निळी, हिरवी, लाल, शेवटी पिवळी. मी काळीला हात घातला. त्यांनी माझ्या हातात पिवळी दिली. शेजारी एक आजी बसल्या होत्या, त्यांच्याकडे लाल होती. माझ्याकडे बघून हसल्या. घरी आल्यावर पट्टी काट्यावर ठेवून बघितली. काहीतरी सदोष आहे. इतकी मऊ पट्टी इतकी घट्ट असू शकत नाही.

२४ मे

व्यायाम रोज करतो. दाराच्या कडीला पट्टी अडकवायची आणि कोपर मागे न्यायचं. कडी फार पक्की बसवलेली आहे. पट्टी ताणली जाते, पण मनासारखी नाही. सोडून देणार होतो. मी काही रबर ओढायला जन्माला आलेलो नाही, असं हिला ठणकावून सांगितलं.

३० मे, संध्याकाळ

आज मोठी घटना.

ही कामावरून आली. मी पट्टी कोपऱ्यात फेकली होती. तिने ती उचलली, कडीला न अडकवता एक टोक स्वतः दोन्ही हातांत धरलं आणि समोर उभी राहिली. म्हणाली, कडीला काय सांगताय, मला ओढून दाखवा. पैज?

मी म्हणालो, पडशील. ती म्हणाली, बघू.

पाय रोवले. कोपर मागे नेलं. खांद्यात जरा ओढलं, पण मी ओढतच राहिलो. आणि ही हलली! आधी एक पाऊल, मग दुसरं. अक्षरशः धडपडत माझ्या पुढ्यात आली, एवढी जवळ की आणखी ओढली असती तर अंगावर आली असती. म्हणाली, अहो, जरा हळू, केवढी ती ताकद! पट्टी सोडून तोंड पदराने झाकून घेतलं होतं, खांदे हलत होते. दम लागला असणार.

कोचबाईंना कळवायला हवं. पन्नास पौंड कुठेही गेलेले नाहीत.

उद्या जरा बेतानेच ओढायचं ठरवलं आहे. उगाच तिला लागायला नको.